अमरावतीचा कारागीर

माझं लग्न एका पंख्यामुळे जमलं. लोकांना ही थट्टा वाटते. वाटो बापडी. अकोल्याच्या एका विनाअनुदानित शाळेत मी नुकतीच लागले होते, मराठी आणि इतिहास शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीतला एकुलता एक पंखा मार्च महिन्यात बंद पडला. शिपायानं तो जुन्या शहरातल्या एका मोटर वायंडिंगच्या दुकानात नेऊन टाकला, आणि चार दिवसांनी दुकानदार स्वतःच तो लावायला आला. आठवड्यानं पंखा पुन्हा बंद. पुन्हा तोच माणूस. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा तो शिडीवर असतानाच मी त्याला ऐकवलं, "काम येत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे देऊ."

तो वरूनच म्हणाला, "काम येते मास्तरीणबाई. म्हणूनच तं आठ-आठ दिवसांनी बंद पाडता येते."

खरं म्हणजे मी चिडायला हवं होतं. माझा स्वभाव चिडण्याचाच आहे, आजही आहे. पण मी हसले, आणि मग काय, वर्षभरात लग्न. माझं माहेर दर्यापूरकडचं. तिकडे जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे शेतातली मोटर हा प्रकार मी लग्नाआधी धड पाहिलाही नव्हता. बाबांना जात आडवी आली. ते एकदाच तसं बोलले आणि पुढे दोन वर्षं माझ्याशी काहीच बोलले नाहीत. आईनं मात्र एका जीपवाल्यासोबत ज्वारीचं पोतं पाठवलं. पोतं रिकामं करताना मधोमध फडक्यात बांधलेल्या हिरव्या बांगड्या निघाल्या. मी त्या तिथेच, जमिनीवर बसून भरल्या आणि पोटभर रडून घेतलं.

शाळेत मी नऊ वर्षं काढली. नऊ वर्षं बिनपगारी म्हटलं तर बाहेरच्या माणसाला वेड लागायची पाळी येते, पण आमच्याकडे विनाअनुदानित शाळेत हे सर्रास होतं. अनुदान येणार, येणारच, फाइल मुंबईला गेली आहे, असं दर वर्षी सांगायचे. आम्हीही शहाण्यासारखे डबे घेऊन जायचो. घर यांच्या दुकानावर चालायचं आणि बरं चालायचं. त्या वर्षांत लाईन कधी यायची, कधी जायची, आली तर तीनातली एक फेज गायब, आणि शेतकऱ्यांच्या मोटरी भराभर जळायच्या. दुसऱ्याच्या नुकसानीवर आपलं घर चालतं याची मला लाज वाटायची. हे म्हणायचे, "अवं, डॉक्टरले लाज वाटते का? मग आपल्याले कावून वाटाव?"

आमची मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची होती. पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. सकाळी हे दात घासता घासता म्हणाले, "ब्रश पकडता येऊन नाही राह्यला." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नाटकं करू नका, मला उशीर होतोय." या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. दहा मिनिटांत ते खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला. वय अडतीस. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि तीच यांच्या अंगात सगळ्यात जास्त चालणारी वस्तू होती.

दवाखान्यात तीन आठवडे गेले. पहिल्याच दिवशी अमरावतीहून माझी नणंद आली. ती यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा यांना तिनंच वाढवलं. तिचे यजमान सरकारी नोकरीत, घर स्वतःचं, सगळं होतं. मूल तेवढं नव्हतं. मी तिला ताई म्हणायचे. ताईंनी येताच दवाखान्याचा ताबा घेतला, नर्सला दम दिला, मला जबरदस्तीनं जेवायला बसवलं आणि जाताना म्हणाल्या, "पोरीनं हे दवाखाने कायले पाहाचे? दिवाळीलोक राहू दे माह्यापाशी." दिवाळीपर्यंतच तर, मला उपकारच वाटले. मी मुलीच्या फ्रॉकांची पिशवी भरली, तिची वेणी घातली आणि तिला ताईंच्या हाती दिलं. मुलगी बसच्या खिडकीतून हात हलवत गेली. तिला वाटलं, सुट्टी आहे.

दिवाळीत मी एकटीच अमरावतीला गेले. यांना नेणं शक्य नव्हतं. शेजारी लेथ चालवणाऱ्या खरादीवाल्या चाचांच्या घरच्यांनी दोन दिवस यांचं सगळं बघायचं कबूल केलं. मुलगी धावत आली, गळ्यात पडली, आणि लगेच सांगायला लागली की "आमच्या शाळेत" अमुक आणि "आमच्या शाळेत" तमुक. ताईंनी तिला तिकडच्या शाळेत घातलं होतं. मी म्हटलं, चला, अभ्यास तरी बुडला नाही. मग संध्याकाळी स्वयंपाकघरात मी चकल्या तळत होते आणि ताई बाजूला पीठ मळत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्षय तृतीयेले दत्तकविधी करून घेऊ. दिवस चांगला आहे. त्यानं शब्द देल्ला मले."

"कोणी?"

"कोनी म्हन्जे? तुह्या नवऱ्यानं."

माझ्या हातात झारा होता. तो मी हळूच कढईच्या काठावर टेकवला, कारण हातात राहिला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. ताई बोलतच होत्या, आणि वाईट हे की त्या वाईट काहीच बोलत नव्हत्या. "तू शाळेत बिनपगारी. तो खाटेवर. पोरगी काय हवा खाईन? मी काय तिले परक्याच्या घरी नेऊन राहिली का? तुही पोरगी, तू कवाही ये, कवाही पाह्य." सगळं खरं होतं. खोटं असतं तर मी भांडले असते.

मी विचारलं, "आणि दुकान पुन्हा चालू झालं तर?"

"कोन चालवन?"

"मी."

ताई हसल्या. टोचून नाही, लहान मूल काही बोललं की हसतो तशा. मग माझं तोंड पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. अक्षय तृतीयेलोक दुकान उभं राह्यलं तं ने पोरगी. मी आडवी येनार नाही. मी जबानीची पक्की आहो." तेवढं बोलणं घेऊन मी परत आले. निघताना मुलीनं विचारलं, "आई, मी कधी येऊ?" मी म्हटलं, "परीक्षा झाली की." त्याशिवाय काय सांगणार होते?

घरी आल्या आल्या मी यांच्या खाटेपाशी उभी राहिले. म्हटलं, "पोर माझ्या पोटातून आली. देऊन टाकताना मला विचारलंत?"

यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "माह्या हातानं आता पायजम्याचा नाळा नाही बांधल्या जात. मी पोरगी कशी पोसू?"

मला इतका राग आला होता आणि त्याच क्षणी इतकं भरून आलं की दोन्हीचं काय करावं कळेना. मी म्हटलं, "तुम्ही नका पोसू. मी पोसते. मला फक्त वायंडिंग शिकवा."

"हे बायांचं काम नोहे."

"चकलीला वेढे घालते ते चालतं, तांब्याला घातले तर काय तांबं नासतं?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेचा राजीनामा दिला. मुख्याध्यापक कळवळून म्हणाले, "बाई, घाई करू नका. पुढच्या वर्षी अनुदान नक्की आहे." मी त्यांना नमस्कार केला. माणूस चांगला होता, त्यांनाही कुठे पगार होता.

शिकणं म्हणजे काय होतं ते सांगते. मोटरीच्या पोटात गोल खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवलेली असते. जळाली की ती काळी कोळसा होते. ती छिन्नीनं तोडून ओढून काढायची, खाचा खरवडायच्या, नवा कागद घालायचा, मग फिरकीवर मोजून वेढे देऊन नव्या गुंडाळ्या करायच्या आणि बांबूच्या कामटीनं एकेक तार खाचेत दाबायची. वर वार्निश, आणि ते वाळायला पोटात दोनशेचा बल्ब पेटवून ठेवायचा. यांची खाट मी दुकानातच आणली. हे खाटेवरून शिकवायचे. आणि माझा नवरा म्हणजे इतका भिकार शिक्षक की मी नऊ वर्षांत तसा पाहिला नव्हता. "अशी नाही, तशी!" यापलीकडे सांगणंच नाही. मी म्हणायचे, "तशी म्हणजे कशी? मुलाला चूक दाखवतो तेव्हा आधी बरोबर काय ते सांगतो आपण." हे म्हणायचे, "मी काय तुह्या शाळेतला पोट्टा आहो?" मी म्हणायचे, "नाही, तो बरा असतो." चाचा पलीकडून खराद थांबवून हसायचे. मोटर उचलायची वेळ आली की त्यांची माणसं येऊन उचलून द्यायची, एका शब्दानं कधी जाणवू दिलं नाही.

माझी नखं गेली, बोटांना चिरा पडल्या. पीठ मळताना झोंबायचं. पण एक सांगते, मला ते काम आवडायला लागलं. इतिहास शिकवून कोणाचं काय झालं ते कळत नाही. मोटर फिरली की फिरली. डिसेंबर उजाडेपर्यंत माझा हात बसला.

आता प्रश्न गिऱ्हाइकांचा होता. बाईनं गुंडाळलेली मोटर कोण विहिरीवर नेणार? यांनीच तोड काढली. दुकानाच्या मध्ये माझी जुनी साडी पडदा म्हणून टांगली. पुढे हे खुर्चीवर, मागे मी. कोणी विचारलं की हे सांगायचे, "आत कारागीर ठेवला."

"कुठचा?"

"अमरावतीचा. लय हुशार मानूस आहे, पन लाजाळू."

असा मी दीड महिना अमरावतीचा लाजाळू माणूस होते. चाचा चहा पाठवताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "कारीगर को भी दो." मी पडद्याआडून पदर तोंडात कोंबून हसायचे. त्या दिवसांत आम्ही दोघं पुन्हा हसायला लागलो होतो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी अक्षय तृतीयेच्या चौकोनाला लाल पेन्सिलीनं गोल केला होता. यांनी तो पाहिला होता.

यांची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी. दुसरे कारागीर जुनी गुंडाळी तोडताना वेढे मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. यांनी आयुष्यात कधी वही ठेवली नाही. कुठल्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची मोटर म्हटलं की वेढ्यांचा आकडा तोंडावर. जुन्या शहरात त्याचं कौतुक होतं. इतर दुकानदार यांना विचारायला यायचे. लकवा झाला, हात गेला, तेव्हा हे मला म्हणाले होते, "हाताचं जाऊ दे. डोक्यात सगळं आहे माह्या."

मला मात्र हळूहळू दिसायला लागलं होतं. मुलीचं वय कधी चार सांगायचे, कधी सात. घड्याळ पाहून भलतीच वेळ सांगायचे आणि मग "घड्याळ खराब झालं" म्हणायचे. मी वही घातली होती, चोरून. जुनी गुंडाळी मी चार-चार वेळा मोजायचे आणि लिहायचे, मग यांना विचारायचे. बहुतेक वेळा जमायचं. कधी दोन-चारचा फरक पडला तर मी गुपचूप माझा आकडा धरायचे.

बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटर आली. गहू पाण्यावर आला होता, पाणी चुकलं तर हातचा जाणार होता. मी वेढे मोजले, शेहेचाळीस. यांना विचारलं. हे म्हणाले, "छत्तीस."

मी म्हटलं, "नीट आठवा."

"छत्तीस. या मोटरी मी डोळे मिटून भरल्या. तुले माह्यावर भरोसा नाही का?"

हे विचारताना यांचा आवाज कापला. तो मी कसा विसरेन? आणि या वेळी हे खुर्ची सरकवून पडद्याच्या आत येऊन बसले, फिरकी बघत. गुपचूप माझा आकडा धरायला जागाच उरली नाही. मला माहीत होतं की छत्तीस चूक आहे. खाचा सैल राहिल्या, तार आत हलत होती, आंधळ्यालाही कळलं असतं. चाचणीला मोटर चालवली तर अर्ध्या तासात अंग चटका बसण्याइतकं तापलं. मी म्हटलं, "तापते आहे." हे म्हणाले, "नवी आहे. बसंन." आणि मी, नऊ वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई, गप्प बसले. या माणसाकडे आता तेवढे आकडेच उरले होते. ते कसे काढून घेऊ? एका माणसाचं मन राखायला मी दुसऱ्याचा गहू पणाला लावला, आणि तेव्हा मला ते प्रेमच वाटलं.

तिसऱ्या दिवशी मालवाहू ऑटोतून मोटर परत आली. जळालेली. शेतकरी उतरला आणि यांच्यासमोर उभा राहिला. "भाऊ, जिंदगीत लय मोटरी भरून घेतल्या मी. तिसऱ्या रोजी जळनारी ही पहिलीच."

"सिंगल फेजवर चालवली असन."

"नाही चालवली."

"मंग लाईनच्या डीपीत काही लोचा असन."

शेतकरी पायरीवर बसला. खांद्यावरचा दुपट्टा काढून गुडघ्यावर ठेवला आणि गप्प झाला. बाहेरच्या माणसाला या गप्प बसण्याचं काही वाटणार नाही. पण त्या वर्षांत आमच्याकडे सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. ओळखीच्या गावांची नावं यायची. शेतकरी शिव्या देत होता तोवर बरं असायचं. गप्प झाला की त्याला एकट्याला घरी जाऊ द्यायचं नाही, असं सगळे म्हणायचे. मी पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे पाहत होते. माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. बाहेर गेले तर दुकानाचं नाव जाईल आणि अक्षय तृतीयेला मुलगी जाईल. नाही गेले तर हा माणूस असाच उठून घरी जाईल.

मी पडदा सारून बाहेर आले. हात काळे, पदर खोचलेला. म्हटलं, "भाऊ, लाईन बरोबर होती. चूक आमची आहे, वेढे कमी पडले. ही मोटर मी गुंडाळली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "आन् तो अमरावतीचा कारागीर?"

"मीच."

"तरीच. खोकला मले बाईचा वाटे."

हे खुर्चीवरून ओरडले, "वेढे कमी कसे पडतीन? मी सांगतले!" तेव्हा मी वही आणून यांच्या मांडीवर ठेवली. उघडून. त्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: मोजले ४६. सांगितले ३६. यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली, डाव्या हातानं.

शेतकरी म्हणाला, "मंग आता?"

"आत्ता उघडते. नवं तांबं माझं. तुमच्यासमोर मोजते. उद्या दुपारी घेऊन जा."

"मी इथंच बसतो," तो म्हणाला, आणि खरंच स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. विश्वास नव्हताच, का असावा? मी फिरकी फिरवायला लागले आणि तो मोठ्यानं मोजायला लागला. मीही मोजायला लागले. पहिली गुंडाळी झाली, दुसरी झाली. छत्तीस आला की यांची मान खाली जायची. तिसऱ्या गुंडाळीला मागून तिसरा आवाज आला. हे मोजत होते. एकोणतीस झालं आणि हे म्हणाले, "एकोणचाळीस." शेतकरी थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी फिरकी न थांबवता म्हटलं, "तीस." शेतकरी म्हणाला, "तीस." मग हेही म्हणाले, "तीस." तसे आम्ही तिघं शेवटच्या गुंडाळीपर्यंत मोजत गेलो. शेतकरी पुन्हा एकदाही थांबला नाही. तो माणूस मला आजही देवासारखा वाटतो, आणि हे त्याला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल.

दुसऱ्या दिवशी मोटर गेली. जाताना आभार नाहीत, काही नाही. फक्त म्हणाला, "आता जळली तं तुमालेच विहिरीत उतरवतो."

त्यानंतर हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी यांना भाकर कुस्करून देत होते तेव्हा म्हणाले, "आकडे येतात, पन कोनता खरा ते नाही समजत. लय दिवसापासून. तू कावून नाही बोलली?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मंग आता काय बरं वाटून राह्यलं का?" आणि जरा वेळानं, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताईले मी शब्द देल्ला तवा मले वाटलं, मी हिसाब बरोबर लावला. तोही चुकला असन. तू पाह्य एकदा मोजून."

मी भाकरीचं ताट बाजूला ठेवलं आणि यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडले. इतके दिवस रडायला वेळच मिळाला नव्हता.

आठ दिवसांनी एक अनोळखी माणूस मोटर घेऊन आला. बार्शीटाकळीच्या त्या शेतकऱ्याचा साळा, त्याला भाटवे म्हणणारा. म्हणाला, "बाईच्या हातची पाह्यजे. भाटवे म्हनत, तिथची बाई चूक कबूल करते." मग दुसरा आला, तिसरा आला. मी पडदा काढला आणि फाडून हात पुसायची फडकी केली. यांना मी नवं काम दिलं. यांचे कान पूर्वीसारखेच तिखट होते; मोटर चालू केली की आवाजावरून बेअरिंग गेलं की शाफ्ट वाकला ते सांगायचे आणि एकदाही चुकले नाहीत. मोजायचं मी, ऐकायचं यांनी. एप्रिलमध्ये दुकानाच्या पायरीवर सहा मोटरी रांगेनं उभ्या होत्या, आणि मी चाचांना दोन दिवस लक्ष ठेवायला सांगून अमरावतीची बस धरली. अक्षय तृतीयेला पाच दिवस होते.

मूर्तिजापूर जाईपर्यंत मी मनात भांडणाची तयारी करत होते. ताई काय म्हणतील, मी काय म्हणेन. सगळी उत्तरं पाठ. बडनेरा आलं आणि दुसरीच भीती उभी राहिली. मुलगीच नाही म्हणाली तर?

दार उघडं होतं. मुलगी पुढच्या खोलीत अंगणवाडीच्या बाईसारखी बाहुल्यांना रांगेत बसवून शिकवत होती. मला पाहून उठली आणि थेट विचारलं, "परीक्षा झाली. तू उशीर का केला?" बस. माझी अर्धी लढाई तिथेच संपली.

ताई स्वयंपाकघरातून आल्या. माझ्या हातांकडे पाहिलं, चिरांकडे, नखांकडे. मी म्हटलं, "ताई, दुकान उभं राहिलं." त्या म्हणाल्या, "हौ, मले माहीत आहे. त्यानं फोन केल्ता." आणि आत जाऊन मुलीची पिशवी घेऊन आल्या. ती आधीच भरलेली होती. मी दिले होते त्याच्या दुप्पट फ्रॉक, सगळे इस्त्री केलेले, वर शाळेचा दाखला. माझी पाठ केलेली सगळी उत्तरं तोंडातच राहिली.

ताई आम्हाला सोडायला स्टँडवर आल्या. अकोल्याची गाडी लागलेली होती. मुलीनं त्यांचं बोट धरलं होतं, माझं नाही. ताई खाली पाहत म्हणाल्या, "एक सांगू? राग नको धरू. मी रोज दिवा लावतानी म्हनत होती, देवा, तिचं दुकान नको चालू देऊ." मला खरंच राग आला होता, अंगाचा तिळपापड झाला होता. मग त्यांनी डोळे वर करून विचारलं, "आजच्या दिवस राहू देतं का तिले? सकाळच्या गाडीनं मी सोता आनून देतो."

मी म्हटलं, "नाही." मुलीचा हात सोडवून घेतला आणि गाडीत चढले. मागे वळून पाहिलं नाही.

मुलगी पुढे प्रत्येक सुट्टीत त्यांच्याकडे राहिली, अजूनही जाते. ताईंनी आणि मी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण मोटर भरताना, हात चालू आणि डोकं रिकामं असतं तेव्हा, ते बसस्टँड माझ्यासमोर येतं. आज पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. एक रात्रसुद्धा ठेवणार नाही. फक्त ती गाडी जाऊ देईन, ताईंजवळ बाकावर थोडा वेळ बसेन, आणि मग नाही म्हणेन.